मापाचं माप

जरीपटक्याच्या बाजारात रस्ता खोदायचा म्हटलं की दुकानदारांच्या कपाळाला आठ्या पडतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उत्तर नागपुरात उभी केलेली ही वस्ती. दुकानाला दुकान लागून, दुकानांवर घरं, समोर दुचाक्यांची रांग. शहरभर सिमेंटचे रस्ते झाल्यापासून खोदकाम आणखी जिकिरीचं झालं आहे. डांबर उकरता येतं, सिमेंट फोडावं लागतं, आणि फोडलेलं पुन्हा पहिल्यासारखं सांधत नाही. अशा रस्त्याच्या पोटात ऑप्टिकल फायबरची केबल तुटली तर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: खड्डा कुठे घ्यायचा?

वीस-तीस मीटरची चूक झाली तर भलत्याच कुणाच्या दारासमोर फोडाफोड होते. केबल दिसत नाही, तुटलेली जागा दिसत नाही, आणि आतून धावणारा प्रकाश अवरक्त असल्यामुळे तो तर उघड्या डोळ्यांना कधीच दिसायचा नाही. तरीही एक्स्चेंजमध्ये बसलेला तंत्रज्ञ हातातल्या यंत्राकडे पाहून सांगतो, तीन हजार चारशे वीस मीटर. त्याला हे कळलं कसं? आणि जे कळलं त्याला ज्ञान म्हणायचं की नुसता अंदाज?

असे प्रश्न भारतीय दर्शनांनी दीड-दोन हजार वर्षं जिवाच्या आकांतानं भांडून घासूनपुसून घेतले आहेत. समोर नसलेल्या वस्तूविषयी खात्रीनं काही सांगता येतं का, येत असेल तर कशाच्या जोरावर, आणि त्या जोरालाही आणखी कशाचा आधार लागतो का? नैयायिक, बौद्ध, जैन, चार्वाक असे सगळे या वादात उतरले. जमिनीखालच्या केबलची लांबी मोजणं हे त्या वादाचं आजचं उदाहरण आहे, आणि ते इतकं नेमकं आहे की जुन्या ग्रंथांतला एकेक मुद्दा त्यावर ताडून पाहता येतो.

आधी यंत्र पाहू. त्याला ओटीडीआर म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेत बार्नोस्की आणि जेन्सन यांनी ही पद्धत मांडली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. फायबरच्या एका टोकातून लेझरचा अगदी छोटा ठोका आत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या घनतेत सूक्ष्म चढउतार राहतातच. त्यांच्यामुळे प्रकाशाचा नगण्य अंश वाटभर मागे विखुरत राहतो. यंत्र तो परतलेला अंश वेळेच्या हिशोबानं टिपत जातं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरणारी एक तिरकी रेघ उमटते. स्प्लाइस, म्हणजे फायबरचा जोड, आला की रेघ किंचित खाली बसते. कनेक्टर आला की टोकदार शेंडी उभी राहते. फायबर संपलं की रेघ कोसळते आणि तळाशी नुसती खरखर उरते. जिथे ती कोसळली तिथला आकडा म्हणजे ते तीन हजार चारशे वीस मीटर.

मात्र यंत्रानं अंतर मोजलेलं नसतं, त्यानं वेळ मोजलेला असतो. प्रकाशाला जाऊन यायला किती वेळ लागला तेवढंच त्याला कळतं. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. काचेत तो मंदावतो. किती मंदावतो ते काचेच्या अपवर्तनांकावर ठरतं, आणि नेहमीच्या सिंगल मोड फायबरसाठी तो १.४६८ च्या आसपास असतो. म्हणजे काचेतला वेग सेकंदाला सुमारे २,०४,००० किलोमीटर, आणि एक किलोमीटर जाऊन यायला सुमारे ९.८ मायक्रोसेकंद. वेळेला वेगानं गुणायचं, दोननं भागायचं, की अंतर मिळालं. हा अपवर्तनांक यंत्र स्वतः शोधत नाही. तो माणसानं भरायचा असतो, केबल बनवणाऱ्यानं दिलेल्या कागदावरून. भरताना ०.००१ चा फरक झाला तर दहा किलोमीटरला जवळपास सात मीटर इकडचे तिकडे होतात. पडद्यावर त्याची खूण उमटत नाही. चुकीचा आकडाही तेवढ्याच ठाशीवपणे चमकतो.

इथे न्यायशास्त्र आपसूक दारात येतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या शेषवत् अनुमानात कार्यावरून कारणाकडे जायचं असतं, आणि भाष्यकार वात्स्यायनानं त्याला उदाहरण दिलं आहे ते पुराचं. नदी दुथडी भरून, गढूळ होऊन वाहताना दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ओळखतो. कन्हानकाठच्या माणसाला हे सांगायला पोथी लागत नाही. ओटीडीआरचं काम याच जातीचं आहे. परतलेला प्रकाश हे कार्य, दूरवरचा तुटलेला काठ हे कारण.

नैयायिक मात्र एवढ्यावर सोडत नाहीत. धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी जोडी, त्यांना मान्य आहे, पण उलट बाजूनं अग्नी तिथे धूर असं म्हणू लागलात तर ते लगेच हात धरतात. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं इंधन लागतं. ही जी न सांगितलेली अट मधे दबा धरून बसलेली असते तिला त्यांनी उपाधी म्हटलं आहे, आणि उपाधी असलेलं अनुमान त्यांच्या लेखी बाद. एवढा वेळ लागला म्हणून एवढी लांबी, या वाक्यातली उपाधी म्हणजे अपवर्तनांक. तो बोलून दाखवला, लिहून ठेवला, तर अनुमान उभं राहतं. गृहीत धरून विसरला तर वेळ आणि लांबी यांच्यातलं नातं नुसतंच लोंबकळत राहतं.

ही गुंतागुंत आणखी एक पायरी खाली उतरते, आणि तीच प्रत्यक्ष काम करणाऱ्याला जास्त छळते. केबलची लांबी एक नसतेच. किमान तीन असतात. रस्त्यावर चाक फिरवून किंवा टेप टाकून मोजली ती वाटेची लांबी. केबलच्या काळ्या आवरणावर दर मीटरला छापलेले आकडे वजा केले की मिळते ती आवरणाची लांबी. आणि प्रकाश ज्या काचेतून धावतो तिची लांबी वेगळीच, कारण आवरणाच्या आत फायबर सरळ नसतं. केबल ओढताना ताण पडू नये म्हणून फायबर असलेल्या बारीक नळ्या मधल्या काडीभोवती पीळ देऊन बसवतात, त्यामुळे काच आवरणापेक्षा थोडी लांब भरते. शिवाय जिथे जिथे जॉइंट, तिथे चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. प्रकाश त्या वेटोळ्यांतूनही इमानानं फिरून येतो. रस्त्यावर मात्र ती सगळी एका ढाप्याखाली मावतात.

आकडे मांडून पाहायला हरकत नाही. समजा, ओटीडीआरवर एक जॉइंट २,८६० मीटरवर दिसतो आणि पुढचा ४,९१० वर. मधलं फायबर २,०५० मीटर. आवरणावरच्या छापील आकड्यांनुसार मधली केबल २,००० मीटर. म्हणजे या तुकड्यात काच आवरणापेक्षा अडीच टक्के जास्त. फॉल्ट ३,४२० वर, म्हणजे पहिल्या जॉइंटपासून ५६० मीटर काच. तिला १.०२५ नं भागलं की आवरणाचे सुमारे ५४६ मीटर. त्यातून चेंबरमध्ये त्या बाजूला ठेवलेलं पंधरा मीटरचं वेटोळं वजा केलं की उरले ५३१. यंत्राचं ऐकून ढाप्यापासून ५६० मीटरवर घण घातला असता तर एकोणतीस मीटर पुढे, दुसऱ्याच दुकानासमोर सिमेंट फुटलं असतं. जाणता माणूस म्हणून एक्स्चेंजपासून मोजत येत नाही. फॉल्टच्या जवळात जवळचा माहितीतला जॉइंट धरतो आणि तिथून पुढे जातो. खड्डा घेतल्यावर डक्टमधून केबल बाहेर ओढतो, अंगठ्यानं चिखल पुसून आवरणावरचा मीटरचा आकडा वाचतो आणि मग दहा पावलं डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस दूरच्या दृष्टान्तापेक्षा पक्षाला, म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचं त्या जागेला, लागून असलेला दृष्टान्त निवडतो, कारण मधे शिरू शकणाऱ्या उपाधी त्यानं कमी होतात.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी १९७९ मध्ये पुण्यात दोन स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये झाली. आज छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला फायबर ओढलं जातं. पण तंत्र कितीही सरावाचं झालं तरी त्यातल्या फसगती संपत नाहीत, आणि फसगतींचा अभ्यास हाच न्यायशास्त्राचा सर्वांत तिखट भाग आहे. त्याला हेत्वाभास म्हणतात: हेतूसारखा, म्हणजे अनुमानाच्या आधारासारखा, दिसणारा, पण हेतू नसलेला.

ओटीडीआरच्या पडद्यावर हेत्वाभास अक्षरशः भेटतात. एखाद्या कनेक्टरवरून जोरकस परावर्तन झालं, ते यंत्राच्या तोंडाशी येऊन आपटलं, पुन्हा आत गेलं आणि पुन्हा परत आलं, तर पडद्यावर बरोबर दुप्पट अंतरावर दुसरी शेंडी उभी राहते. तिथे प्रत्यक्षात काहीच नसतं. या शेंडीला जगभरचे तंत्रज्ञ भूत म्हणतात. ते ओळखायच्या खुणाही आहेत. अंतर नेमकं दुप्पट असतं आणि शेंडीच्या पलीकडे रेघ खाली बसलेली नसते. खरा जोड प्रकाश थोडा तरी खातोच, भूत काही खात नाही.

दुसरी फसगत त्याहून सूक्ष्म आहे. कधी कधी स्प्लाइसवर रेघ खाली बसण्याऐवजी चक्क वर उचलली जाते, जणू जोडामुळे प्रकाश वाढला. जोडानं प्रकाश वाढत नाही, हे तर उघड आहे. पुढच्या फायबरची जडणघडण थोडी वेगळी असेल तर ते मागच्यापेक्षा जास्त प्रकाश परत पाठवतं, आणि यंत्राला तो नफा वाटतो. त्याच जोडाकडे दुसऱ्या टोकाहून पाहिलं तर प्रमाणाबाहेर तोटा दिसतो. म्हणून दोन्ही टोकांहून मोजतात आणि सरासरी काढतात. जैन आचार्यांनी अनेकान्तवादात सांगितलं की एका बाजूनं केलेलं विधान त्या बाजूपुरतंच खरं असतं, म्हणून त्याला 'स्यात्', म्हणजे 'एका परीनं', जोडा. इथे तो 'स्यात्' जोडला नाही तर नुकसानीचा हिशोबच चुकतो.

यंत्राला आंधळेपणाही आहे. ठोका जितका लांब तितकी दूरची नजर चांगली, पण जवळचं धूसर. दहा नॅनोसेकंदांचा ठोका काचेत सुमारे दोन मीटर पसरलेला असतो. एक मायक्रोसेकंदाचा दोनशे मीटर. मोठ्या परावर्तनानंतर काही अंतर यंत्राला काहीच उमगत नाही. त्या पट्ट्यात दोन जोड असतील तर ते एकच वाटतात.

चार्वाक या टप्प्यावर म्हणाला असता, सोडा हे सगळं, खणा आणि डोळ्यांनी पाहा. प्रत्यक्षाखेरीज प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, नाही. आणि खरोखर शेवटी खणावंच लागतं. पण खणल्यावर तरी काय दिसतं? तुटलेलं आवरण, चिरडलेल्या नळ्या. काच आतून कुठवर तडकली आहे ते दिसत नाही. जोडल्यावर स्प्लायसिंग मशीन तोटा ०.०२ डेसिबल असा आकडा दाखवतं, तोही दोन टोकांच्या प्रतिमेवरून काढलेला अंदाजच असतो. चार्वाकाच्या खड्ड्यात उतरलं की तिथेही अनुमान आधीच बसलेलं सापडतं.

याहून खोल घाव घातला तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं. आणि जरीपटक्यात त्याचं नाव घेणं म्हणजे फार लांब जाणं नव्हे. वस्तीला लागूनच इंदोरा आहे, तिथलं बुद्धविहार आहे आणि तिथले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई आपल्या नावातच त्या आचार्याला वागवतात. रामटेकजवळच्या मनसरचा संबंध नागार्जुनाशी आहे या श्रद्धेनं त्यांनी तिथल्या उत्खननाचा पाठपुरावा केला. अनेक अभ्यासक मात्र त्या अवशेषांत वाकाटकांचं प्रवरपूर पाहतात. तो वाद पुरातत्त्वाचा आहे, त्याचा निकाल तिथेच लागावा. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यानंतर उत्तर नागपुरात बौद्ध विचार हा ग्रंथालयातला विषय राहिला नाही. तो गल्लीतल्या विहारात बोलला जातो, त्यावर वाद होतात. अशा ठिकाणी नागार्जुनाला विद्वानांच्या चर्चासत्रांपुरता ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

'विग्रहव्यावर्तनी' या छोट्या ग्रंथात त्यानं नैयायिकांना विचारलं: वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशानं सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्यांना तिसरी लागतील, आणि शेवट येणार नाही. आपोआप सिद्ध होतात म्हणाल तर वस्तूंनाच ती सवलत का नाही? समोरचा म्हणतो, अग्नी इतरांना उजळतो तसाच स्वतःलाही उजळतो. नागार्जुनाचं उत्तर असं की अग्नीत अंधार कधी नव्हताच, मग त्यानं स्वतःचं काय उजळलं?

हाच प्रश्न ओटीडीआरला विचारला तर? यंत्र बरोबर आहे हे कशावरून, तर ठाऊक लांबीच्या फायबरवर तपासलं म्हणून. त्या फायबरची लांबी कशावरून, तर प्रयोगशाळेतल्या घड्याळावरून. ते घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळावरून. आणि ते?

न्यायसूत्रांत यावर एक उत्तर आहे, आणि ते मापाच्याच दुनियेतलं आहे. तराजूनं सोनं तोलताना तराजू प्रमाण असतो. पण त्याच तराजूची शंका आली की खात्रीच्या सोन्यानं त्याची परीक्षा होते, आणि तेव्हा तो स्वतः प्रमेय, म्हणजे तपासायची वस्तू, बनतो. प्रमाण ही वस्तूची जात नव्हे, ती तिची त्या घडीची भूमिका आहे. इतवारीच्या सराफ्यात हे रोज चालतं आणि त्यानं व्यवहार अडत नाही. उत्तर समजूतदार आहे. नागार्जुनाचं समाधान मात्र त्यानं झालं नसतं, कारण शेवटचा तराजू कुठला हे त्यात सांगितलेलं नाही.

शेवटच्या तराजूचा ध्यास घेतलेला एक माणूस विदर्भातच मातीत विसावला आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्टन नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यानं पहिली पायारेषा मोजली ती शंभर फुटी पोलादी साखळीनं. ती साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली होती. तिकडे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत लॅम्टनच्या हाती आली. उन्हानं पोलाद वाढतं म्हणून तो साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापक लावून, प्रत्येक मापात दुरुस्ती करायचा. आणि दुसरी एक साखळी त्यानं कामाला कधी जुंपली नाही. ती होती पहिलीची झीज तपासायला. नैयायिकांचा तपासलेला तराजू तो हाच. १९०७ मध्ये त्या सर्वेक्षणासाठी नागपुरात जो दगडी स्तंभ उभा राहिला तो आज झिरो माइल म्हणून ओळखला जातो. पण तपासणाऱ्या साखळीला कोण तपासणार, हा प्रश्न हिंगणघाटच्या त्या कबरीपाशी होता तसाच राहिला.

पुढे १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी पॅरिसजवळ मीटरचं मूळ माप म्हणून ठेवली गेली. त्या पट्टीविषयी तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइननं म्हटलं की ती एक मीटर लांब आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. अग्नीत अंधार नव्हता हे नागार्जुनाचं बोलणं इथे पुन्हा ऐकू येतं. ज्यानं सगळ्यांना मापायचं त्याला मापणारं काही उरत नाही.

मग १९६० मध्ये जगानं पट्टीचा नाद सोडला आणि पुढे १९८३ साल आलं. प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तेवढा मीटर, असं ठरलं. या निर्णयातला उलटफेर लक्षात घेण्याजोगा आहे. १८४९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिझोनं पॅरिसजवळ साडेआठ किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरावर आरसा ठेवला, दातेरी चाकामधून प्रकाश पाठवला आणि परतलेल्या प्रकाशावरून त्याचा वेग काढला. तेव्हा अंतर ठाऊक होतं, वेग शोधायचा होता. आता वेग ठरवून टाकलेला आहे आणि अंतर शोधायचं आहे. प्रकाशाचा वेग यापुढे कुणी मोजू शकणार नाही. मोजायला गेलं तर आपलीच पट्टी तपासल्यासारखं होईल. साखळीसारखी कडीला कडी लावत जाणारी शंका अखेर एका कराराशी थांबली. ती सत्यापाशी पोचली म्हणून थांबली असं नाही. इथवर, आणि सगळ्यांनी मिळून, असं म्हटलं म्हणून थांबली.

नागार्जुन यावर खूश झाला असता असं म्हणायचा मोह होतो. व्यवहारातलं सत्य संकेतावर उभं असतं हे त्याचंच म्हणणं. पण सगळंच संकेतावर उभं असेल तर बरोबर आकडा आणि चुकीचा आकडा यांत फरक काय राहिला? एकोणतीस मीटर पुढे सिमेंट फोडलं काय आणि योग्य जागी फोडलं काय, दोन्ही सारखंच? तसं अजिबात नाही. इथे धर्मकीर्ती मदतीला येतो, आणि या सगळ्या वादात जास्तीत जास्त पटणारं बोलणं त्याचंच आहे.

सातव्या शतकाच्या आसपासचा हा बौद्ध आचार्य 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात एक प्रसंग मांडतो. एकजण रत्नाची प्रभा पाहतो आणि तिलाच रत्न समजून धावतो. दुसरा दिव्याची प्रभा पाहतो आणि तिला रत्न समजून धावतो. दोघांचीही समजूत चुकीची आहे, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. पण पहिल्याच्या हाती रत्न लागतं, दुसऱ्याच्या हाती नाही. अनुमान हे पहिल्यासारखं असतं, असं धर्मकीर्ती म्हणतो. ते वस्तूला जशीच्या तशी स्पर्श करत नाही, मानलेल्या गोष्टींच्या आधारे पुढे जातं, त्या अर्थानं ते भ्रांतच आहे. तरी ते वस्तूपर्यंत नेतं, दगा देत नाही, आणि म्हणून ते प्रमाण आहे. त्यानं त्यासाठी अविसंवादी हा शब्द वापरला. ज्ञानाची परीक्षा ते कामाला येतं का, अर्थक्रिया घडवतं का, यात आहे.

पडद्यावरचे ३,४२० मीटर ही अशीच प्रभा आहे. रस्त्यावर ते अंतर कुठेही नाही. चाक फिरवून ते सापडणार नाही. ते काचेचं अंतर आहे, तेही एका ठरवलेल्या अपवर्तनांकाच्या अटीवर. तरी हिशोब नीट केला की ते खड्ड्याच्या तोंडाशी नेऊन सोडतं. भुताची शेंडी मात्र दिव्याच्या प्रभेसारखी. तिच्यामागे धावलं की हाती काही लागत नाही. दोन्ही परतलेला प्रकाशच, दोन्ही पडद्यावर सारख्याच उजळ. फरक कळतो तो मागून, खणल्यावर, आणि आधी कळायचा असेल तर अनुभवानं.

धर्मकीर्तीच्या या कसोटीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो दडपू नये. केवळ हाती लागलं म्हणून ज्ञान खरं ठरत असेल, तर योगायोगानं बरोबर निघालेला अंदाजही ज्ञानच ठरेल. अपवर्तनांक चुकीचा भरला, वेटोळं वजा करायचं राहिलं, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन खड्डा नेमका फॉल्टवर आला, असं होऊ शकतं. त्या दिवशी काम झालं. पण पुढच्या फॉल्टला त्याच हिशोबानं गेलं की फजिती. बौद्ध तार्किकांना हे ठाऊक होतं, म्हणून दिङ्नागापासूनच त्यांनी हेतूवर तीन अटी घातल्या: तो पक्षात असावा, सपक्षात म्हणजे तशाच उदाहरणांत असावा, विपक्षात म्हणजे उलट उदाहरणांत नसावा. नुसतं यश पुरत नाही. यशाकडे जिनं नेलं ती वाट पुन्हा चालता आली पाहिजे.

वाट पुन्हा चालता यायची तर ती कुठेतरी लिहिलेली हवी, आणि इथे प्रश्न शब्दप्रमाणाकडे वळतो. बौद्ध आणि वैशेषिक शब्दाला वेगळं प्रमाण मानत नाहीत, नैयायिक मानतात. आप्ताचं वचन ते शब्दप्रमाण. आप्त कोण, तर ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन पुढे स्पष्टच लिहितो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. जन्मावरून आप्तता ठरत नाही. संस्कृत शास्त्रग्रंथात हे वाक्य इतक्या सहज येतं याचं अप्रूप वाटतं.

त्या लक्षणानं पाहिलं तर केबल टाकणारा, जोडणारा आणि नोंद करणारा माणूस या सगळ्या शास्त्राचा आप्त आहे. कुठल्या चेंबरमध्ये किती मीटरचं वेटोळं ठेवलं, ड्रमवरचा पहिला आणि शेवटचा आकडा काय, अपवर्तनांक किती धरला, डक्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूनं आणि किती खोल गेला, हे त्यानं लिहिलं नाही तर पुढच्या वीस वर्षांत येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला अंधारात खणावं लागतं. देशात दर वर्षी असंख्य केबली दुसऱ्या कुणाच्या खोदकामात तुटतात. केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू केलं ते याचसाठी: खोदणाऱ्यानं खोदण्याआधी विचारावं आणि ज्याची केबल आहे त्यानं सांगावं. विचारणं आणि सांगणं या दोन क्रियांवरच शब्दप्रमाण चालतं. सांगणाऱ्याकडे नीट नोंदच नसेल तर अॅप काय सांगणार? ठेकेदाराच्या बिलासाठी मीटर मोजले जातात, ते मापपुस्तकात काटेकोर उतरतात, कारण त्यावर पैसे आहेत. वेटोळ्यांच्या नोंदीवर कुणाला पैसे मिळत नाहीत, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. ही हेळसांड आहे आणि तिची किंमत रस्त्यालाच, म्हणजे रस्त्यावरच्या दुकानदाराला आणि रहिवाशाला, मोजावी लागते.

दुरुस्ती झाली की नोंद पुन्हा बदलावी लागते. तुटलेल्या जागी दोन टोकं सरळ जोडता येत नाहीत. मधे नवा तुकडा घालावा लागतो, एका जोडाचे दोन जोड होतात, नव्या तुकड्याचा अपवर्तनांक जुन्याशी जुळेलच असं नाही, आणि त्या जागेपलीकडचा प्रत्येक जोड यंत्राला थोडा लांब दिसू लागतो. पुढचा जॉइंट काल ४,९१० वर होता, उद्या तो ४,९३० वर दिसेल, आणि तो जागचा हललेला नसेल. म्हणून जाणते तंत्रज्ञ झाकण लावण्यापूर्वी दोन्ही टोकांहून पुन्हा मोजतात, नवी रेघ साठवतात, तिच्यासोबत तारीख, ठोक्याची रुंदी आणि धरलेला अपवर्तनांक लिहितात, आणि जुनी रेघ पुसत नाहीत.